टी-शर्टच्या हीट प्रेसवर फोटो माउंट होतात का?

म्हापसेकर:
मंडळी, भावाने टी-शर्ट प्रिंटिंग बंद केलं, त्याचं हीट प्रेस मशीन घरात धूळ खात पडलंय. चवथीच्या आधी हॉलमध्ये फ्रेमा लावायच्यात, फोटो फोमबोर्डवर (आत फोम असलेला हलका पुठ्ठा) चिकटवून वरून मॅट लॅमिनेशन असा विचार आहे. काही लॅबचे, काही इंकजेटचे, एक आजोबांचा पोर्तुगीज काळातला. एक फालतू प्रिंट लावून बघितला तर मधोमध फुगे आले. हीट कमी पडली काय?

फोंड्याचा फ्रेमवाला:
कमी नाही हो, उलट जपा. टी-शर्टला दीडशे ते दोनशे डिग्री लागतं, लॅबच्या फोटोपेपरवर प्लास्टिकचा थर असतो, तो शंभरच्या आसपासच बिघडायला लागतो. ड्राय माउंट टिश्यू, म्हणजे फोटो आणि बोर्डच्या मधे घालायचा गरम केल्यावर चिकटणारा कागद, बहुतेक ८० ते ९५ मध्ये धरतो, पाकिटावर असतं ते बघा. फुगे मला वाटतं ओलीचे. या पावसात कागद आणि बोर्ड दोन्ही दमट झालेले असतात, प्रेस बसली की त्याची वाफ होते आणि तिला बाहेर जायला वाट नाही. आधी टिश्यू न लावता बोर्ड आणि फोटो वेगवेगळे रिलीज पेपरमध्ये (न चिकटणारा कागद) घालून अर्धा मिनिट दाबा, उघडा, वाफ जाऊ द्या, परत दाबा, आणि मग लगेच माउंट करा, चहा प्यायला जाऊ नका. काढल्यावर सपाट वजनाखाली गार होऊ द्या, नाहीतर पापडासारखं वळतं.

डिचोलीकर:
प्रेशरचा नॉब पण सैल करा, टी-शर्टच्या प्रेशरने फोमबोर्ड चेपतो. आणि लॅमिनेशनची फिल्म प्रेससाठीची घ्या, तिला बारीक भोकं असतात हवा जायला, साधी घातली तर परत फुगेच. इंकजेटला मी तर हीट देतच नाही, कोल्ड फिल्म लावतो, ती हीटशिवाय नुसती दाबून चिकटते.

ताळगावची:
आजोबांचा फोटो त्या मशीनखाली घालू नका प्लीज!! एकदा चिकटला की सुटत नाही. स्कॅन करून कॉपी माउंट करा, ओरिजिनल ॲसिड-फ्री बोर्डवर फोटो कॉर्नरमध्ये (कोपरे अडकवायचे छोटे खिसे) बसवा आणि काचेला टेकू देऊ नका, मध्ये माउंटची कड (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवीच, आपल्या हवेत काचेला चिकटलेले फोटो घरोघरी आहेत.

म्हापसेकर:
ओके, आजोबा स्कॅनला. पण ह्या मशीनचा डिस्प्ले जुना आहे, ९० दाखवतो ते ९०च असेल कशावरून?

फोंड्याचा फ्रेमवाला:
टेंपरेचर स्ट्रिप मिळते, ठराविक डिग्रीला रंग बदलते. मधे एक आणि चारी कोपऱ्यांत एकेक ठेवून बघा, स्वस्त मशीनचे कोपरे बहुतेक थंडच असतात.