मिसळीच्या फोटोचं चित्र काढतेय, लोक मिसळच बघतात. काय करू?

नौपाडाकरीण

मी ठाण्यात राहते, नोकरी विमा कंपनीत, चित्रं शनिवार-रविवारी. सध्या एकच विषय डोक्यात बसलाय: लोक खाण्याचे फोटो काढतात ते फोटो. खाणं नव्हे, फोटो. मामलेदारला मिसळ खायला बसलं की समोरच्या बाकावर हमखास हा कार्यक्रम चालतो. ताटली आली की पाव जरा सरकवायचा, लिंबाची फोड दिसेल अशी वर आणायची, शेजाऱ्याचा ताकाचा ग्लास चौकटीबाहेर ढकलायचा (शेजाऱ्याला न विचारता), मग उभं राहून वरून फोटो. तोवर फरसाण रश्शात बसलेलं असतं.

अशा फोटोंवरून ग्वाशमध्ये (अपारदर्शक जलरंगात) चित्रं करतेय, कापूरबावडीच्या कलाभवनात आमच्या ग्रुपचं प्रदर्शन आहे. पण चित्र जमलं की ते नुसतं चविष्ट दिसतं! नणंदेने तर्री बघितली आणि म्हणाली, "आत्ता जाऊया का गं?" दाद म्हणून ठीक आहे, पण हा केशरी इतका केशरी का, असं तिने विचारायला हवं होतं. फोनचा फूड मोड रंग भडक करतो, कडा धूसर करतो. ती धूसर कडा मी इमानेइतबारे रंगवली, तर एकाने विचारलं, "इथे घाई झाली का?"

तर, हा फोटो आहे हे चित्रातून कसं सांगायचं? फोनची चौकट आणि लाइकचं बदाम न काढता. ते बघून बघून वीट आलाय. आणि अनोळखी लोकांनी टाकलेले फोटो समोर ठेवून काढलं तर चालतं का?

वाशीचा फोटोवाला

ताई, हॉटेलांच्या मेनूचे फोटो काढणं हा माझा धंदा. वरून फोटो काढायच्या खुळाला कारण आहे. इन्स्टाग्राम २०१० च्या ऑक्टोबरमध्ये आलं आणि २०१५ च्या ऑगस्टपर्यंत तिथे फोटो चौकोनीच लागायचा. चौकोनात गोल ताट वरूनच नीट बसतं. पुढे चौकोनाची सक्ती गेली, सवय राहिली. वरून काढलं की वाटी किती खोल आहे ते कळत नाही, आणि हॉटेलवाल्याची त्याला अजिबात हरकत नसते.

आम्ही मटकी जरा कच्चीच ठेवायला सांगतो, म्हणजे फुटत नाही. कोथिंबिरीवर पाणी आणि ग्लिसरीनचा फवारा. तर्री शेवटी, ड्रॉपरने. जवळून बघा, थेंब सगळे एका मापाचे, गोल गरगरीत, एकमेकांपासून सारखे लांब. घरच्या रश्शावर तवंग असा कवायत करत नाही, तो एका बाजूला जमतो, चमच्याला चिकटतो. तुम्ही ते कवायतीतले थेंब जसेच्या तसे रंगवा. बघणारा अडखळेल.

निवृत्त चित्रकला मास्तर

अन्न नटवून दाखवणं फोनने सुरू केलं नाही. १७ व्या शतकात हॉलंडमध्ये पीटर क्लास आणि विलेम हेडा अर्धवट सोललेलं लिंबू, त्याची साल टेबलावरून लोंबतेय, असं रंगवत. शेजारी चांदीचा पेला. ऐपत दाखवणं त्यातही होतंच. पण पेला कलंडलेला, पाव मोडलेला, म्हणजे कोणीतरी बसून खाल्लंय. तुमच्या फोटोंत अजून कोणी घासच घेतलेला नाही. तिथून विचार करा.

दुसरं, अँडी वॉरहॉल. १९६२ मध्ये त्याने सूपच्या डब्यांची ३२ चित्रं मांडली, चवीगणिक एक. एका डब्यापुढे माणसाला सूप आठवेल, बत्तिसांपुढे तो डबे बघायला लागतो. भिंतीवर एकच मिसळ टांगलीत तर नणंदबाई मामलेदारला जाणारच. त्याच ताटलीचे दहा फोनमधले दहा फोटो घ्या आणि एकाच मापात काढा. केशरी दहा तऱ्हांचा निघेल. मग "इतका केशरी का" हे तुम्हाला सांगावं लागणार नाही.

आणि भूक लागली तर लागू द्या की. तो चित्राचा दोष कधीपासून झाला?

कोपरीकर

दुसऱ्या प्रश्नाचं बघतो. फोटोवर हक्क काढणाऱ्याचा. १९५७ चा कॉपीराइट कायदा, मुदत काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. सगळ्यांना दिसतो म्हणून सगळ्यांचा होत नाही. मांडणी, उजेड, कोन जसाच्या तसा उचलून चित्र विकायला ठेवलंत तर वाद होऊ शकतो. मेसेज करून परवानगी मागा आणि लेखी ठेवा. बहुतेक लोक खूश होऊन मूळ फाइलच पाठवतात. नाहीतर स्वतः काढा, मिसळीचा कॉपीराइट कोणाकडे नाही.

नौपाडाकरीण

मास्तर, ऑफिसात विचारलं. एकाच टेबलावरच्या एकाच ताटलीचे फोटो मिळाले, परवानगीसकट. एकाची तर्री चक्क गुलाबी, एकाची विटकरी, आणि आयफोनवाला म्हणतो माझीच खरी. दहा मात्र जमणार नाहीत, मला दाराजवळची अरुंद भिंत मिळालीय, सहाच मावतील. थेंब कवायतीतलेच ठेवतेय. भुकेबद्दल मात्र पटलं नाही, त्यावर भांडू प्रदर्शनात.

आता अडचण रंगाची. सगळ्यात भडक फोटोचा केशरी कॅडमियम ऑरेंज या रंगालाही येत नाही. फ्लुरोसंट वापरू का?

निवृत्त चित्रकला मास्तर

वापरा, पण त्या एकाच चित्रात. तो लवकर विटतो, दाराजवळ ऊन येत असेल तर ते चित्र आतल्या टोकाला टांगा. विकत घेणाऱ्याला आधी सांगा. भांडायला येतो.