मालिका डोक्यावर घेतली, गेम डोक्यात गेला

अर्धवट_सेव्ह (धागाकर्ती)

शनिवारी रात्री अडीच वाजता मी एका अंधाऱ्या गुहेत पाचव्यांदा मेले. वरून पाणी ठिबकत होतं, मशाल त्याखाली गेली आणि विझली. दुसरी घ्यायला नारळ कमी पडले होते. हो, नारळ. विमान कोसळलंय, जंगलात काळा धूर माणसं ओढून नेतोय, आणि मी नारळ-पपया गोळा करून सॉयरशी घासाघीस करतेय.

गेम म्हणजे 'लॉस्ट: व्हाया डोमस'. २००८ चा, युबीसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओचा. तेव्हा खेळायचा राहून गेला होता. 'लॉस्ट' ही विमान कोसळून एका बेटावर अडकलेल्या माणसांची मालिका मी आणि दादाने दोन वेगळ्या शहरांत राहून पण बरोबर पाहिली. एपिसोड संपला की लगेच फोन. पहिल्या सीझनच्या शेवटी जंगलात जमिनीत सापडलेल्या त्या हॅचचं, म्हणजे भुयारी दाराचं, झाकण उडालं, आणि आत काय असेल यावरून पुढचे सगळे महिने आमची जुंपलेली असायची. त्यामुळे गेम सुरू करताना मला एवढंच हवं होतं की किनाऱ्यावरून निघावं, जंगलातून वाट काढावी आणि स्वतःच्या पायांनी त्या हॅचपर्यंत जावं.

आणि खोटं कशाला बोलू, तेवढं मिळालं. तो घुमट, तो जुना कॉम्प्युटर, मालिकेतले ते गूढ आकडे: ४ ८ १५ १६ २३ ४२. अंगावर काटा आला. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मालिकेसारखं 'मागील भागात' दाखवतात, तेही आवडलं.

पण पुढे? पुढे फ्यूज. भिंतीवर एक पॅनल, त्यात तारांचं जाळं, आपल्याकडे दोन-तीन प्रकारचे फ्यूज. ते असे बसवायचे की काटे ठरलेल्या आकड्यावर थांबतील. एकदा ठीक आहे. दुसऱ्यांदाही चालेल. नंतर नंतर वाटायला लागलं की हे बेट नाही, वीज मंडळ आहे.

नायक कोण, तर इलियट मॅस्लो नावाचा फोटोग्राफर. मालिकेत कधी न दिसलेला. स्मृती गेलेली. फ्लॅशबॅकमध्ये कॅमेरा हातात येतो आणि नेमक्या क्षणाचा फोटो काढला की आठवण परत येते. ही कल्पना मला खरंच झकास वाटली, उगाच सगळ्याला नावं ठेवत नाही. पण मालिकेच्या नायकाशी, जॅकशी, बोलायला गेले तर आवाज भलत्याचाच. लॉकचाही. बेन, सन, क्लेअर, डेस्मंड यांना मूळ नटांचे आवाज आहेत, आणि बेटावरच्या ज्या दोघांचं सतत वाजायचं, नेमके त्यांनाच नाहीत. लॉक बोलायला लागला की मी स्क्रीनवरून नजर काढून घ्यायचे. फोनवर आवाज ओळखू न येणाऱ्या माणसाशी बोलतोय तसं अवघडल्यासारखं व्हायचं.

एका रविवारात संपला. दादाला सांगितलं तर म्हणाला, "तुला कोणी सांगितलं होतं?"

तर प्रश्न दोन. एक, गाजलेल्या मालिकांवरचे गेम इतके फुसके का निघतात? पैसा असतो, सेट तयार असतात, चेहरे तयार असतात, प्रेक्षक तर आधीच वेडा झालेला असतो. दोन, माझ्या यादीत आता 'प्रिझन ब्रेक', '२४' आणि 'द वॉकिंग डेड: सर्व्हायव्हल इन्स्टिंक्ट' आहेत. यातलं काही हाती घेऊ, की गप्प मालिकाच परत बघू?

दुसरा_कंट्रोलर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: मालिकाच बघ.

'प्रिझन ब्रेक: द कॉन्स्पिरसी' म्हणजे वरातीमागून घोडं. पहिला प्रकाशक मधेच बुडाला, गेम लोंबकळला आणि २०१० मध्ये बाजारात आला. मालिका तोवर संपून वर्ष होत आलेलं. त्यात तू तुरुंगातून पळणाऱ्या भावांपैकी मायकल नाहीस आणि लिंकनही नाहीस. तू टॉम पॅक्स्टन, मालिकेतल्या 'कंपनी' या गुप्त संघटनेचा हेर, कैदी बनून फॉक्स रिव्हर तुरुंगात घुसलेला. मायकल भिंत पोखरतोय, डोकं चालवतोय, आणि तू? तू पहारेकऱ्याची पाठ वळेपर्यंत कोपऱ्यात उकिडवा बसलेला. दिसलास की परत पहिल्यापासून. मी एका व्हरांड्यात इतक्या वेळा पकडलो गेलो की त्या पहारेकऱ्याच्या बुटांचा ताल मला अजून पाठ आहे. चार पावलं, थांबा, मान डावीकडे, चार पावलं.

आवाज बरेचसे मूळ नटांचे आहेत बरं का. पण सगळ्यात दुखलं ते टॅटूचं. मालिकेत मायकलच्या अंगावरचा तो टॅटू म्हणजे अख्ख्या तुरुंगाचा नकाशा, सगळी गंमत त्यात. गेममध्ये पैसे टाकून अंगावर टॅटू काढून घेता येतो. शोभेला!

झोंबींच्या मालिकेवरचा 'सर्व्हायव्हल इन्स्टिंक्ट' (२०१३) मी पूर्ण खेळलो, कारण मला मालिकेतला डॅरिल आवडतो आणि मला अक्कल नाही. डॅरिल आणि मर्ल या भावांना नॉर्मन रीडस आणि मायकल रूकर यांचेच आवाज आहेत, म्हणजे तुझी तक्रार इथे लागू नाही. गाडीत जागा मोजक्या, पेट्रोल संपत आलेलं, कोणाला बरोबर घ्यायचं आणि कोणाला रस्त्यात सोडायचं ते आपण ठरवायचं. कागदावर काय भारी वाटतं! प्रत्यक्षात पेट्रोल संपलं की तीच गल्ली, तेच घर, तोच डबा.

आणि झोंबी गर्दीने आले तर बघायचं. एक जण धरतो, स्क्रीनवर निशाण थरथरतं, ते डोक्यावर आलं की बटण दाबायचं, सुरी आत. तेवढ्यात दुसरा धरतो. परत तेच. मग तिसरा. बाकीचे शिस्तीत उभे, टोकन घेऊन नंबर लागायची वाट बघत असल्यासारखे. मी एकदा असे चौदा मारले, जागचा न हलता. भीती सोड, मला त्यांची कीव आली.

जुना_टेस्टर

पहिल्या प्रश्नाबद्दल. मी काही वर्षं गेम टेस्टिंग केलंय, मालिकांवरचे दोन गेम माझ्या हाताखालून गेले. नावं सांगणार नाही. दोन्ही तुम्ही खेळला नसाल, आणि ते चांगलंच आहे.

लोकांना वाटतं बनवणारे आळशी असतात. तसं नसतं. तारीख आधी ठरते, गेम नंतर. नवा सीझन अमुक महिन्यात येणार, म्हणजे डिस्क त्याच्या आसपास दुकानात हवी. चांगला गेम पुढे ढकलला तर लोक कुरकुरतात पण थांबतात. मालिकेवरचा ढकलला तर हवाच निघून जाते.

दुसरं, मंजुरी. प्रत्येक चेहरा, प्रत्येक वाक्य, प्रत्येक कपडा मालिकेच्या मालकांकडे जाऊन यायचा. आमच्या एका पात्राचं जाकीट तीन आठवडे ये-जा करत होतं. आधी तपकिरी जास्त झालं, मग कमी झालं, मग कोणीतरी विचारलं की हे त्याने कुठल्या एपिसोडमध्ये घातलंय. त्याच तीन आठवड्यांत मी एका दाराबद्दल बग लिहिला होता. दार उघडताना पळत गेलं की खेळाडू दारात अडकायचा, ना आत ना बाहेर, हात हवेत वल्हवत. बग माझ्याकडे परत आला, शेरा: 'दुरुस्ती नाही, वेळ नाही.' गेम तसाच बाहेर पडला. जाकीट मात्र अगदी हुबेहूब होतं.

आणि अर्धवट_सेव्ह, तुमचे ते फ्यूज. कोडी स्वस्त पडतात. त्यांना नट लागत नाही, संवाद लागत नाही, मंजुरी लागत नाही. पाच तासांचा गेम सहा तासांचा करायचा असेल तर फ्यूज लावा.

अर्धवट_सेव्ह

@जुना_टेस्टर, जाकीट वाचून हसावं की रडावं कळेना. तुमचं पटलं, पण पूर्ण नाही. वेळ कमी होता म्हणून दार अडकतं, मान्य. पण समजा इलियटला आणखी दोन वर्षं दिली असती, तरी तो मला आवडला असता का? मला नाही वाटत.

मला वाटतं खरी अडचण त्या उपऱ्या नायकाचीच आहे. इलियट, तुरुंगातला टॉम पॅक्स्टन. 'सोप्रानोज' या माफियांच्या मालिकेवर २००६ मध्ये पीएस२ (प्लेस्टेशन २) साठी गेम आला होता, त्यातही नायक जोई लारोका, मालिकेतल्या बिग पुसी या गुंडाचा मुलगा, मालिकेच्या कथेत ज्याला जागाच नाही. (ज्या मालिकेत माणसं बसून जेवतात आणि मनातलं बोलत नाहीत, तिचा गेम म्हणजे बटणं बडवून मारामारी. जाऊ दे.) या सगळ्यांना मालिकेतल्या कशालाही धक्का लावायची मुभा नाही. मी जॅकला पटवू शकत नाही, लॉकला थांबवू शकत नाही, कारण टीव्हीवर ते घडून गेलंय. लग्नघरातल्या लांबच्या पाहुण्यासारखं माझं काम: हे तिकडे नेऊन दे, ते इकडे आण, आणि फोटोत कडेला उभी राहा.

फक्त_बघणारी

एरवी वाचनमात्र असते, पण इथे राहवलं नाही.

उपरा नायक हे कारण नाही. टेलटेल स्टुडिओचा 'द वॉकिंग डेड' (२०१२) घे. त्याचा नायक ली एव्हरेट उपराच आहे की. आता तो गेम टीव्ही मालिकेवर नाही, मूळ कॉमिकवर आहे, हे कोणी सांगायच्या आधी मीच सांगते. पण जग तेच, झोंबी तेच, आणि दुसऱ्या बाजूला 'सर्व्हायव्हल इन्स्टिंक्ट'मध्ये डॅरिल स्वतः नायक असून त्याचं पानिपत झालं. म्हणजे तुझा नियम दोन्हीकडून फसतो.

मी लीबरोबर जे केलं ते नीट आठवून बघते. पहिल्या भागात हर्शल भेटतो, ग्लेन भेटतो. ओळखीचे चेहरे, आपण खूश. आणि पहिला भाग संपेपर्यंत दोघंही मागे पडतात! पुढे उरतात ती अशी माणसं, ज्यांचं काय होणार हे कुठल्याच पानावर आधी ठरलेलं नाही. निदान आपल्याला तरी ठाऊक नाही. एकदा अन्नाचे चारच तुकडे हातात देतात आणि माणसं दहा. मी लीबरोबरच्या छोट्या मुलीला, क्लेमेंटाइनला, दिला, दुसऱ्या मुलाला दिला, आणि उरलेले दोन हातात धरून किती वेळ नुसती या माणसाकडून त्या माणसाकडे फिरत होते. कोणी गोळी झाडत नाही, काही नाही. तुझ्या इलियटकडे नारळ होते, पण ते कोणाला द्यायचे हा प्रश्न त्याला कोणी विचारला का?

'साउथ पार्क' या विनोदी कार्टून मालिकेचंही तसंच. १९९८ चा निन्टेंडो ६४ वरचा गेम 'टुरोक' या दुसऱ्या गेमच्या इंजिनवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, बनवला होता. डायनोसॉर मारायचं इंजिन, त्यात बर्फाचे गोळे फेकायचे. गाव धुक्यात, विनोद गायब. मग २०१४ मध्ये 'द स्टिक ऑफ ट्रुथ' आला. ऑब्सिडियनने केला, पण लिहिला मालिकेच्या कर्त्यांनी, ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनी, आणि दिसतोही थेट मालिकेसारखा, कागद कापून चिकटवल्यासारखा. मधे पहिला प्रकाशक टीएचक्यू दिवाळखोरीत गेला, तारखा पुढे गेल्या, तरी गेम टिकला. त्यातला नायकही गावात नवा आलेला मुलगाच, म्हणजे परत उपरा.

दुसरा_कंट्रोलर

हे मान्य. आणि 'द सिम्प्सन्स: हिट अँड रन' (२००३) विसरू नका, तिथे तर आख्खं कुटुंबच आपल्या हातात आहे. बार्टला घेऊन शेजाऱ्यांच्या कुंपणातून गाडी घालण्यात मी एक अख्खी परीक्षा घालवली.

अवांतर: १९९४ मध्ये 'होम इम्प्रूव्हमेंट' या घरदुरुस्तीच्या विनोदी मालिकेवर सुपर निन्टेंडोचा गेम आला होता. नायक हातोडी-ड्रिलवाला टीव्ही निवेदक, शत्रू कोण? डायनोसॉर. आणि माहितीपुस्तिकेच्या जागी 'खऱ्या मर्दाला सूचना लागत नाहीत' अशा अर्थाचा मजकूर. जुना_टेस्टर, याला मंजुरी कोणी दिली असेल?

जुना_टेस्टर

ज्याने दिली त्याला जाकिटाचा रंग बरोबर वाटला असेल.

फक्त_बघणारी यांचं बरोबर आहे, आणि त्यात माझं थोडं जोडतो. 'स्टिक ऑफ ट्रुथ'मध्ये मंजुरी देणारे आणि लिहिणारे तेच होते. विनोद चालतोय की नाही हे विचारायला कागद कुठे पाठवावाच लागला नाही. नाहीतर स्टुडिओ कितीही चांगला असो. 'बेयोनेटा' बनवणाऱ्या प्लॅटिनमगेम्सने २०१४ मध्ये 'लेजंड ऑफ कोरा' या अॅनिमेशन मालिकेवर गेम केला. मारामारी त्यांना येतेच, ती होती. बाकी सगळं रिकामं. तीनेक वर्षांत विक्रीतूनही काढला. आता विकत घ्यायचा म्हटलं तरी डिजिटल दुकानात मिळत नाही.

अर्धवट_सेव्ह, तुमच्या यादीत '२४' राहिला. तो २००६ चा, पीएस२ वरचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनच्या मधली कथा आहे, आणि तिथे मालिकेचा नायक जॅक बावर तुम्हीच. बाकीच्यांपेक्षा बरा. फक्त गाडी चालवायला लागली की सांभाळा.

अर्धवट_सेव्ह

@फक्त_बघणारी, हरले. नारळ कोणाला द्यायचे हे मला कोणीच विचारलं नाही. दादालाही वाचून दाखवलं, तो म्हणाला ही बाई हॅचवर वाद घालायला तेव्हा आपल्यात हवी होती.

काल त्याच्याकडे गेले होते. जुना पीएस२ माळ्यावरून काढला, '२४' लावला. स्क्रीनचे चार तुकडे, कोपऱ्यात घड्याळ, जॅक बावर करणाऱ्या कीफर सदरलंडचा तो घसा बसलेला आवाज. एका माणसाची चौकशी करायची होती. त्याचा ताण रेषेवर खालीवर होतो, आणि दरडावायचं, गोंजारायचं की शांत राहायचं ते आपण निवडायचं. दादा मागून ओरडतोय, "दरडाव, दरडाव!" मी गोंजारलं. तो बोलला! आम्ही दोघं सोफ्यावर उभे.

मग गाडी आली.