मदत हवी आहे : अठराव्या शतकातलं डच चिटाचं जाकीट हाताने शिवतेय, बाही आणि कापड दोन्ही अडलंय

नमस्कार मंडळी,

मी सहा वर्षं नेदरलँड्समध्ये राहते. शिवण आईकडून शिकले, आणि गेली दोन वर्षं जुने युरोपीय कपडे त्या काळच्या पद्धतीने शिवून बघायचा नाद लागलाय. पद्धत तीच म्हणजे पूर्ण हातशिलाई, कारण शिवणयंत्र घराघरांत आलं ते १८५० नंतर. मेण लावलेला लिननचा दोरा, धावदोरा, उलट टीप आणि हेम एवढ्यावर सगळं चालतं. आतापर्यंत लिननचा आतला झगा, कमरेला बांधायचे सुटे खिसे, चुण्यांचे दोन परकर आणि स्टेज (म्हणजे काड्या घातलेली ताठ चोळी) एवढं झालं. त्या काळी स्टेजमध्ये देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्या घालत, स्वस्तातल्यांत बोरू. मी केबल बांधायच्या जाड प्लॅस्टिक पट्ट्या घातल्या, त्या छान बसल्या.

आता जाकीट शिवतेय. लिउवार्डनच्या फ्रीस म्युझियममध्ये चिटाचे (म्हणजे रंगीत फुलांच्या नक्षीच्या सुती कापडाचे) जुने कपडे आहेत. डच लोक त्या कापडाला सिट्स म्हणतात. काचेजवळ गेले, पांढऱ्या जमिनीवरची लाल फुलं पाहिली आणि आजीचा चिटाचा परकर डोळ्यांसमोर आला. शब्द आपलाच, कापडही इकडूनच गेलेलं. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या कारागिरांनी रंगवलेलं हे कापड डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून इथे यायचं. फ्रान्सने १६८६ पासून १७५९ पर्यंत त्यावर बंदी घातली होती. इंग्लंडने १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड वापरायलाच मनाई केली, ती १७७४ मध्ये उठली. डचांनी अशी बंदी कधी घातली नाही. हिंदेलोपन या बंदराच्या गावात तर बायका चिटाचा लांब उघडा अंगरखा घालत, त्याला वेंटके म्हणतात. घरात दुखवटा असला की तोच अंगरखा निळ्या-पांढऱ्या चिटाचा.

मला कोपरापर्यंत बाह्यांचं, कमरेखाली थोडा घेर सुटणारं साधं जाकीट शिवायचंय. तीन ठिकाणी अडलेय.

बाही : आराखडा म्युझियममधल्या कपड्याच्या मापांवरून काढलेला आहे, चौकटीच्या कागदावरून मोठा केला. माप स्टेज घालूनच घेतलं. आधी मांजरपाटावर शिवून पाहिलं, तर खांद्यावर चुण्यांचा गठ्ठा होतोय आणि हात पुढे केला की पाठ ताणतेय. मुंढा (बाही जिथे जोडतात ती गोलाई) मोठा केला, तर आणखीच बिघडलं. तीन वेळा उसवलंय.

कापड : हाताने छापलेली कलमकारी म्हणून ऑनलाइन सहा मीटर मागवली. पहिल्या धुण्यातच लाल रंग सुटला. उलटून पाहिलं, तर मागची बाजू जवळजवळ कोरी! रंग नुसता वर बसलेला. पैसे गेले त्याहून जास्त वाईट वाटलं ते याचं, की ज्या कापडाचा पक्का रंग पाहून युरोपातले रंगारी चकित होत होते, त्याच्या नावावर हे विकलं जातंय. खरी चीट कुठे आणि काय सांगून मागायची? म्युझियममधल्या कापडात पानं निळी आहेत, मलाही तशीच हवीत.

चकाकी : जुनी चीट कागदासारखी कडक आणि चमकदार असते. ती घरी कशी आणायची?

पोशाख नुसता दिसायला तसा नकोय, आतली टीपसुद्धा तशीच हवीय. कोणी यातलं केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी इंग्लंडमध्ये नाटकांच्या पोशाखांचं काम करते. तुमचा आराखडा बरोबर असणार, लावायची पद्धत चुकतेय. तुम्ही ब्लाउजची बाही लावतो तशी पूर्ण गोल मुंढ्यात घालून शिवताय, बरोबर ना? त्या काळी तसं नव्हतं.

आधी पाठ आणि पुढा जोडायचा, पण खांद्याला फक्त अस्तराची पट्टी ठेवायची. वरचं कापड खांद्यावर अजून आणायचंच नाही. बाहीचा खालचा अर्धा भाग काखेत उलट टीपेने पक्का करायचा. मग जाकीट अंगावर चढवायचं, अर्थात स्टेजवर. बाहीचा वरचा भाग खांद्याच्या अस्तरावर नुसता वरून ठेवायचा आणि हात हलवून बघत बघत जादा कापड दोन-चार बारीक निऱ्यांत दाबत टाचायचा. तिथेच धावदोऱ्याने शिवायचं. शेवटी वरच्या कापडाची खांदापट्टी त्यावर बसवायची, म्हणजे कच्च्या कडा तिच्याखाली जातात. खांद्यावर इतर जोड कसे आहेत ते बाहेरून दिसतच नाही.

मुंढा मोठा करू नका. लहान आणि काखेत उंच असेल तरच हात मोकळा उचलतो. पाठही अरुंद असायची, बाहीचा जोड आपल्या सवयीपेक्षा बराच मागे येतो. मला हे पटायला वेळ लागला होता, कारण हाताला ब्लाउजचं वळण.

आणि पुढे हूक-बटणं लावू नका. अशी जाकिटं पुष्कळदा नुसत्या टाचण्यांनी बंद करत. टाचणी स्टेजच्या कापडात आडवी घुसवायची, टोचत नाही.

धागाकर्ती

हे वाचून डोक्यात एकदम उजेड पडला. मी खांद्याची शिवण सगळ्यात आधी मारत होते! पण मग दुसरं माणूस लागणारच. नवऱ्याला टाचण्या लावायला शिकवते.

प्रतिसाद २

मी हैदराबादला असतो, मच्छलीपट्टणमजवळच्या पेडना गावाला दोनदा जाऊन आलोय. तिथे ठशांनी छापतात. श्रीकालहस्तीला बांबूच्या कलमाने काढतात, टोकाजवळ लोकर गुंडाळलेली असते, ती दाबली की रंग उतरतो. युरोपात गेलेली उंची चीट कलमानेच रंगवलेली असे, त्यामुळे बारीक फुलांसाठी श्रीकालहस्तीच्या कारागिराशी बोला. साधं जाकीट असेल तर ठशाचंही शोभेल.

विचारताना 'नॅचरल आहे का' एवढंच विचारू नका, हो म्हणतात. कापड हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवलंय का, काळा रंग लोखंड आणि गुळाचा आहे का, लाल तुरटी लावून रंगात उकळून आणलाय का, हे विचारा. काम करणारा माणूस खुलून बोलायला लागतो. दुधातल्या स्निग्धपणामुळे रंग पसरत नाही, हे मला तिथल्याच एका आजोबांनी कापडावर थेंब टाकून दाखवलं. कोरड्या कापडावरचा थेंब रुपयाएवढा पसरला, दुधातल्या कापडावरचा होता तिथेच राहिला. कापड आलं की आधी उलटी बाजू बघायची, हे तुम्ही आता शिकलाच आहात.

एक महत्त्वाचं. निळी पानं मागू नका! ती मुळात हिरवीच होती. मेणाने बाकीचं कापड झाकून नीळ चढवायची आणि निळ्यावर पिवळा फिरवायचा, अशी ती हिरवी व्हायची. पिवळा कच्चा, अडीचशे वर्षांत उडून गेला, नीळ तेवढी राहिली. तुम्हाला १७७० सालची बाई नवं जाकीट घालून निघालीय असं हवं असेल, तर पानं हिरवीच हवीत.

प्रतिसाद ३

चकाकीबद्दल लिहिते. आमच्याकडे लुगड्यांना तांदळाच्या पेजेची खळ करायचे, आणि माझे आजोबा धुतलेल्या कापडाची कुंदी कशी करत ते सांगायचे. लाकडी मोगरीने घडी ठोकत राहायचं, म्हणजे धागे चपटे होऊन कापड आपोआप चमकतं. चिटालाही खळ, मग कुंदी आणि शेवटी गुळगुळीत शंखाने घोटणं, असंच करत. घरी करायचं तर पातळ गाळलेली पेज लावा, जरा ओलसर असतानाच पाटावर पसरा आणि गुळगुळीत शंखाने एकाच दिशेने घासा. आधी तुकड्यावर करून बघा. खळ दाट झाली तर घडीवर पांढऱ्या रेघा उमटतात. आणि जाकीट शिवून झाल्यावर नको, कापायच्या आधीच करा. घोटलेल्या कापडाची दुमड नखाने सुरेख बसते.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. हिरव्या-निळ्याचं वाचून काल पुन्हा म्युझियममधले फोटो मोठे करून पाहिले. एका पानाच्या देठाशी, शिवणीच्या दुमडीत लपलेल्या भागात, पिवळसर छटा खरंच शिल्लक आहे. इतक्या वेळा बघूनही दिसली नव्हती.

शनिवारी मांजरपाट चौथ्यांदा उसवून बाही अंगावर लावली. डावी बाही बसली! हात डोक्यावर नेला तरी पाठ ओढत नाही. उजव्या बाहीच्या निऱ्या एक बोटभर पुढे सरकल्यात, त्या पुन्हा टाचते.

श्रीकालहस्तीच्या एका कारागिराशी फोनवर बोलणं झालं. ते विचारतायत की पानांवरचा पिवळा हिरड्याच्या फुलाचा करू की डाळिंबाच्या सालीचा. डाळिंबाचा जास्त टिकेल असं त्यांचं म्हणणं. प्रतिसाद २ वाले दादा, उन्हात वापरायच्या कपड्याला तुम्ही काय सांगाल? मला त्यांना गुरुवारपर्यंत कळवायचंय.