मदत हवी आहे : प्रवेगकात (गणित जलद करणाऱ्या हार्डवेअरमध्ये) तीन टक्के गणितालाच निम्म्याहून अधिक वेळ लागतो आहे

नमस्कार. मी धुळे जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. रावेर-यावल भागातील केळीबागांसाठी, पानावरचा करपा ओळखणारे हातात मावेल असे उपकरण मी शेवटच्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांसोबत तयार करत आहे. बागेत मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसल्यामुळे सगळे गणित उपकरणातच व्हायला हवे. शिवाय शेतकरी ओळीतून चालत असतानाही उत्तर मिळत राहावे यासाठी सेकंदाला १५ चित्रे, म्हणजे एका चित्राला सुमारे ६६ मिलिसेकंद, हे लक्ष्य आम्ही ठरवले आहे.

स्वतःची चिप घडवून घेणे आमच्या आवाक्यात नाही, त्यामुळे रचना झिंक-७०२० या एफपीजीएवर, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या तयार चिपवर, उतरवली आहे. त्यावर २२० डीएसपी गुणक (गुणाकार करणारे तयार विभाग) आणि सुमारे ६३० किलोबाइट ब्लॉक रॅम (चिपच्या आतली मेमरी) आहे. चित्र ओळखणारे न्यूरल नेटवर्क मोबाइलनेटच्या पहिल्या आवृत्तीचे असून आकडे आठ बिटी पूर्णांकांत आणले आहेत. एका चित्रामागे सुमारे ५६.९ कोटी गुणाकार-बेरजा होतात. १९६ गुणकांची १४ × १४ सिस्टोलिक जाळी १०० मेगाहर्ट्झवर चालते. चार गुणक निकालाचे प्रमाण बदलण्यात गुंतले आहेत आणि वीस मोकळे आहेत.

कुंग आणि लायझरसन यांनी १९७८ मध्ये मांडलेली ही जाळी मी विद्यार्थ्यांना पांझरेकाठच्या फड सिंचनाचे उदाहरण देऊन समजावतो : पाटात एकदा सोडलेले पाणी जसे एका वावरातून दुसऱ्या वावरात जाते, तसा मेमरीतून एकदा आणलेला आकडा एका गुणकाकडून पुढच्या गुणकाकडे सरकतो आणि प्रत्येक ठिकाणी कामी येतो. गुगलच्या पहिल्या टीपीयूत (न्यूरल नेटवर्कसाठी बनवलेल्या चिपमध्ये) अशीच २५६ × २५६ ची जाळी आहे. आमची अडचण अशी की डेप्थवाइज थरात प्रत्येक चॅनलचा (चित्रातून काढलेल्या एकेका पदराचा) हिशेब ३ × ३ च्या खिडकीने स्वतंत्र होतो, त्यामुळे पाणी पहिल्याच वावरात जिरते आणि १९६ पैकी फक्त नऊ गुणक राबतात.

एका चित्राला एकूण १४८ मिलिसेकंद लागतात. त्यांपैकी पॉइंटवाइज थरांना (जिथे एकाच बिंदूवरचे सगळे चॅनल एकत्र मिसळतात) ४१, डेप्थवाइज थरांना ८३ आणि उरलेल्या सगळ्याला २४. गुणाकारांच्या संख्येत मात्र डेप्थवाइजचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. घड्याळाचा वेग वाढवावा असे एका विद्यार्थ्याने सुचवले, पण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि बंद डब्यातल्या या चिपच्या आतील तापमानाची मर्यादा ८५ अंश आहे, म्हणून तो मार्ग मी टाळतो आहे. तेव्हा जाळीचीच रचना बदलावी, की डेप्थवाइजसाठी वेगळा विभाग जोडावा? वीस गुणकांत तो बसेल का?

प्रतिसाद

जाळीला हात लावण्याआधी एक हिशेब करून पाहा. डेप्थवाइजचे सुमारे १.७४ कोटी गुणाकार नऊच गुणकांवर केले तरी १९ लाखांच्या आसपास घड्याळाचे ठोके, म्हणजे १९ मिलिसेकंद होतात. जाळी भरण्या-रिकामी करण्यात तेवढाच वेळ गेला असे धरले तरी ८३ चा आकडा जमत नाही. ३ × ३ च्या खिडक्या सुट्या करून मांडण्याचे काम आपण त्याच चिपमधल्या एआरएम प्रोसेसरवर तर सोपवलेले नाही ना? त्यात एकच बिंदू नऊ-नऊ वेळा मेमरीत लिहिला जातो.

सर, जाता जाता आणखी एक शंका. जाळीची बाजू १४ का ठेवली? या नेटवर्कमधील चॅनल ३२, ६४, १२८ असे वाढतात, त्यामुळे ३२ चॅनलना तीन फेऱ्या लागतात आणि ४२ पैकी दहा जागा रिकाम्या राहतात. १६ × १२ घेतली तर गुणक १९२ च लागतील.

धागाकर्ता

आपला अंदाज बरोबर निघाला. आज वेगळे मोजून पाहिले, तर ८३ पैकी ५२ मिलिसेकंद प्रोसेसरच्या या मांडामांडीतच जातात. आम्ही महिनाभर जाळीलाच दोष देत होतो! १४ ची बाजू मात्र केवळ १९६ हा आकडा २२० च्या जवळ येतो म्हणून घेतली होती, हे कबूल करतो.

प्रतिसाद

मग वेगळा विभागच जोडा. दोन चॅनल एकत्र घेतले की १८ गुणक लागतील, म्हणजे आपल्या विसांत ते बसतात आणि वेळ दहा मिलिसेकंदांच्या आत येतो. खिडकी हार्डवेअरमध्ये तयार करण्यासाठी चित्राच्या आधीच्या दोन ओळी ब्लॉक रॅममध्ये धरून ठेवाव्या लागतात. एका ओळीतले बिंदू गुणिले चॅनल हा आकडा ११२ × ६४ पासून ७ × १०२४ पर्यंत ७,१६८ च राहतो, त्यामुळे दोन ओळींना १४,३३६ बाइट सर्व थरांना पुरतात. या विभागातून निघालेला निकाल बाहेरच्या मेमरीत न पाठवता थेट पॉइंटवाइज जाळीत सोडला, तर हे दहा मिलिसेकंदही त्या ४१ च्या पोटात बरेचसे लपतील.

कडेच्या बिंदूंना शून्य भरताना मात्र सांभाळा. आठ बिटी आकड्यांत शून्याची जागा सरकलेली असेल, तर तिथे ० नव्हे, तो सरकलेला आकडा भरावा लागतो. नाहीतर चित्राच्या कडेला नसलेला करपा दिसू लागेल.