मदत हवी आहे : मोरीतली माशी की वाळूमाशी? (फोटो ४)

मंडळी, जळगावात राहतो. आठवडाभर मोरीच्या भिंतीवर बारीक करड्या माश्या बसलेल्या दिसतात. मोबाईलला भिंग लावून फोटो काढलेत. पट्टीवर ठेवून मोजली, जेमतेम २ मिमी. अंगावर आणि पंखांवर दाट लव, बोट लागलं की राखेसारखी पूड उरते. डोळे काळे.

आमच्याकडे केळीचा घड कायम टांगलेला, म्हणून आधी केळीवरची चिलटंच वाटली. पण त्यांचे डोळे लाल असतात, आणि व्हिनेगरमध्ये साबणाचा थेंब टाकून ठेवलेल्या वाटीत एकही पडली नाही. मग रात्री मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी उलटी लावली, सकाळी खालच्या बाजूला चार चिकटलेल्या. म्हणजे येतात तिथूनच. उकळतं पाणी ओतलं, दोन दिवसांत पुन्हा हजर.

काळजी एवढ्यासाठी की घरात दीड वर्षाचं बाळ आहे आणि चांदीपुरा ताप (लहान मुलांच्या मेंदूला सूज आणणारा विषाणूचा आजार) वाळूमाशीमुळे पसरतो. दोन्ही माश्या एकाच कुळातल्या. वाळूमाशी बसताना पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरते, मोरीतली छपरासारखे पाडून, असं वाचलंय. फोटो १ आणि ३ मध्ये पंख पाडलेले आहेत. फोटो २ मध्ये अर्धवट वर, पण ती चिकटपट्टीवर अडकलेली, त्यामुळे त्यावर माझा भरवसा नाही. चावल्याची खूण अजून कुणाच्याच अंगावर नाही.

घर भाड्याचं, फरशी उखडता येणार नाही; बाळामुळे फवाराही नको.

पंखांची ठेवण सोडून फोटोत आणखी काय बघितलं म्हणजे ही वाळूमाशी नाही हे पक्कं सांगता येईल? आणि त्यासाठी पुढचा फोटो कुठल्या बाजूने काढू?