मदत हवी आहे: कोल्ड रूमच्या कॉइलवर बर्फ किती साचलाय, हे आत न जाता कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात आमची द्राक्षांची प्री-कूलिंगची खोली आहे आणि तिला लागून १० टनांची कोल्ड रूम. प्रश्न कोल्ड रूमचा आहे. तापमान ० अंश, आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर, गॅस आर-४०४ए. छताला टांगलेला तीन फॅनचा इव्हॅपोरेटर (खोलीतली हवा गार करणारं युनिट) आहे आणि त्याच्या कॉइलमध्ये साडेचार किलोवॅटचे डिफ्रॉस्ट हीटर, म्हणजे बर्फ वितळवणारे. डिफ्रॉस्ट टायमरवर चालतो, दर ६ तासांनी अर्धा तास.

अडचण अशी की बर्फ काही घड्याळ बघून जमत नाही. फेब्रुवारी-मार्चात पेट्यांची ये-जा सुरू असली की दार दिवसभर उघडझाप, आणि टायमरची पाळी यायच्या आतच फिनच्या, म्हणजे कॉइलवरच्या पातळ पत्र्यांच्या, फटी बुजतात. मागून टॉर्च मारला की सरळ पांढरी भिंत दिसते. फॅन गुरगुरतात, पण समोर हात धरला तर वारा नाही. उलट कंटेनरची वाट बघत खोली दोन दिवस बंद राहिली तर कॉइल जवळपास कोरडी असते, तरी हीटर आपला दर ६ तासांनी हजर! खोली ३ अंशांपर्यंत चढते, आणि या चढउतारात मालाला घाम येतो. पेटीतल्या सल्फर पॅडला (बुरशी रोखायला ठेवतात तो) ओल लागली की तो एकदम गॅस सोडतो आणि देठाजवळचे मणी पांढरट पडतात. एक्स्पोर्टच्या मालात हे चालत नाही.

आमच्या मेकॅनिकचं म्हणणं, "टायमर ४ तासांवर करा, विषय संपला." मला ते पटत नाही. गरज असेल तेव्हाच डिफ्रॉस्ट व्हावा, एवढंच हवंय. वाचून-ऐकून चार मार्ग डोक्यात आहेत: कॉइलच्या अलीकडच्या-पलीकडच्या हवेच्या दाबातला फरक, खोली आणि कॉइलच्या तापमानातला फरक, फॅनचे अँपिअर, किंवा फिनच्या मध्ये इन्फ्रारेडचा डोळा. ईएसपी-३२ वर (प्रोग्राम करता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) थोडंफार काम जमतं. यातलं ९० टक्के दमट हवेत आणि सल्फरच्या वासात सीझनभर टिकेल असं काय? कुणी प्रत्यक्ष लावलंय का?

प्रतिसाद – गारेगार

दादा, सेन्सर घ्यायच्या आधी ड्रेन पाइपखाली बादली लावा. प्रत्येक डिफ्रॉस्टला किती लिटर पाणी आलं ते वहीत लिहा. बर्फ मोजायचं याहून सरळ साधन नाही.

हिशोब बघा. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. दिवसाला ८ लिटर पाणी आलं तर वितळवण्याचं काम पाऊण युनिटच्या आत. तुमचे हीटर अर्धा-अर्धा तास चार वेळा चालले तर दिवसाचे ९ युनिट. कॉइलचं धातू गरम व्हायला काही जातात हे धरलं तरी बाकीची बरीच उष्णता खोलीतच, आणि ती उपसायला पुन्हा कॉम्प्रेसर. त्यात ते ८ लिटर आले कुठून? काही दारातून, काही तुमच्या द्राक्षांतून. देठ सुकतात ते उगाच नाही.

प्रतिसाद – सक्शनलाइन

फॅनच्या अँपिअरचा नाद सोडा. अ‍ॅक्सियल फॅनला कॉइल चोक झाली तरी करंट फारसा हलत नाही, आणि आपल्याकडे व्होल्टेज जेवढं वरखाली होतं त्यात तो फरक बुडून जातो.

तापमानाचा फरक चांगला, पण कोणता फरक ते बघा. बरेच जण कॉइलमध्ये शिरणारी आणि बाहेर पडणारी हवा मोजतात. त्यात फसगत होते. वारा कमी झाला की जी थोडी हवा जाते ती जास्त गार होऊन निघते, म्हणजे आकडा छान दिसतो आणि खोली मात्र थंड होत नाही. मोजायचा तो खोली आणि गॅसच्या उकळण्याच्या तापमानातला फरक. सक्शनवर, म्हणजे कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे गॅस परत नेणाऱ्या पाइपवर, प्रेशर ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) लावा. खोली ० वर असताना स्वच्छ कॉइलला साधारण उणे ६ म्हणजे ५७-५८ पीएसआय दिसत असेल, तर बर्फ चढत जाईल तसं ते ४५ कडे घसरेल. ट्रान्सड्यूसर बाहेर मशीनजवळ बसतो, त्यामुळे सल्फरचा प्रश्नच नाही.

पण एक मेख आहे. गॅस कमी असला तरी सक्शन असंच घसरतं. ओळखायची खूण अशी: गॅस कमी असेल तर बर्फ कॉइलच्या सुरुवातीच्या नळ्यांवर, डिस्ट्रिब्युटरच्या (नळ्यांत गॅस वाटून देणारा भाग) बाजूला तेवढा दिसतो, पुढची कॉइल ओकीबोकी आणि सुपरहीट (उकळून झाल्यावर गॅस आणखी किती अंश तापला तो आकडा) वाढलेला. दमटपणाचा बर्फ हवा शिरते त्या तोंडावर सगळीकडे पसरतो, आणि सुपरहीट वाढत नाही.

प्रतिसाद – पास्कलवाली

इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काम करते, म्हणून दाबाच्या फरकाबद्दल लिहिते. तुमचं खरं दुखणं वारा अडण्याचं आहे आणि हा सेन्सर नेमकं तेच मोजतो. अगदी पातळ थराने उष्णता जाण्यात फार बिघडत नाही. फटी बुजायला लागल्या की घसरण सुरू होते. एअर हँडलिंग युनिटमध्ये फिल्टर चोक झाल्याचं सांगणारा डिफरन्शियल प्रेशर स्विच असतो ना, २० ते २०० पास्कलचा, तोही चालतो. ईएसपीवर घ्यायचं तर ० ते २५० पास्कलचा सेन्सर घ्या.

फॅन हवा ओढणारे असतील तर एक नळी कॉइल आणि फॅनच्या मधल्या पोकळीत आणि दुसरी खोलीत. नळीचं तोंड वाऱ्याच्या आडवं ठेवा, वाऱ्यासमोर नको. नळीला सेन्सरकडून कॉइलकडे सलग उतार हवा, कुठे झोळ पडला की त्यात थेंब साचून गोठतो आणि आकडा अडकून बसतो. सेन्सर खोलीच्या भिंतीच्या पॅनेलबाहेर बसवा. डिफ्रॉस्टनंतर फॅन सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी जो आकडा येईल तो स्वच्छ कॉइलचा धरा, आणि त्याच्या दुपटीच्या आसपास डिफ्रॉस्ट लावून बघा. दार उघडताना काटा उडतो, तेव्हा पाच मिनिटांची सरासरी घ्या.

इन्फ्रारेड नकोच. ओला सल्फर डायऑक्साइड म्हणजे सौम्य आम्ल, ते सोल्डर खातं. शिवाय तो डोळा एकाच जागेचा बर्फ बघतो.

धागाकर्ता

ताई, सक्शनलाइन दादा, गारेगार साहेब, मनापासून आभार. बादली लावली. लोडिंगच्या दिवशी दुपारच्या डिफ्रॉस्टला बादली काठोकाठ, पहाटेच्या डिफ्रॉस्टला तळही झाकला नाही. म्हणजे टायमर ४ तासांवर करण्यात काही अर्थ नव्हता. दाबाचा सेन्सर मागवतो, सक्शनचा ट्रान्सड्यूसर सोबतीला.

एकच शंका: डिफ्रॉस्ट सुरू कधी करायचा हे कळलं, पण बंद? सध्या हीटर अर्ध्या तासानेच बंद होतो, बर्फ असो वा नसो. टर्मिनेशन थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला डिफ्रॉस्ट थांबवणारा) आहे, पण तो सक्शन पाइपला बांधलाय.

प्रतिसाद – सक्शनलाइन

तिथून काढा. बर्फ सगळ्यात शेवटी जिथे सुटतो तिथे, बहुतेक खालच्या रांगेत, हीटरपासून लांब, फिनमध्ये खोचा. एका डिफ्रॉस्टला टॉर्च घेऊन उभे राहा, जागा आपोआप कळेल. तिथे ८-१० अंश झाले की हीटर बंद. मग पाणी निथळायला दोन-तीन मिनिटं, मग कॉम्प्रेसर, आणि कॉइल पुन्हा गार झाल्यावरच फॅन, नाहीतर उरलेले थेंब पेट्यांवर उडतील.

हीटर किती मिनिटं चालला हेही ईएसपीला नोंदवू द्या. सात-आठ मिनिटांत बंद झाला तर डिफ्रॉस्ट लवकर झाला, अर्धा तास पुरला नाही तर उशिरा. घरच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह डिफ्रॉस्ट असाच पुढची पाळी ठरवतो. कुठलाही वेगळा सेन्सर न लावता हाच एक आकडा बरंच सांगतो.

जुना टायमर मात्र फेकू नका. १२ तासांवर लावून समांतर ठेवा, ईएसपी हँग झाला तर तो सांभाळेल. आणि हीटरचा ओव्हरहीट कटआउट थेट हीटरच्या कॉन्टॅक्टरच्या (हीटरची वीज चालू-बंद करणारा स्विच) विजेच्या कॉइललाच राहू द्या, तो प्रोग्रामच्या भरवशावर सोडायचा नाही.