प्रोजेक्ट संपल्यावर टीमचं मूल्यमापन कसं करायचं?

प्रश्न: मंडळी, पहिल्यांदाच टीम लीड झालोय, सात जण आहोत. एका पतसंस्थेचं जुनं सॉफ्टवेअर काढून नवीन बसवायचं होतं, पण खातेदारांचा डेटा आणताना व्याजाचे आकडे जुळेनात आणि गो-लाइव्ह (नवीन सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात येणं) तीन आठवडे लांबलं. आता वरून सांगितलंय की शुक्रवारी रिव्ह्यू मीटिंग घे आणि त्यावरूनच सगळ्यांची रेटिंग्ज पाठव. डेटाचं काम करणारी मुलगी रात्र रात्र बसली होती, पण क्लोज केलेली तिकिटं (सिस्टीममध्ये नोंदवलेली एकेक कामं) मोजली तर सगळ्यात कमी तिचीच. तिच्यावर अन्याय व्हायला नको. काय करू?

उत्तर १: रेटिंग आणि रिव्ह्यू एकत्र करूच नकोस. ज्या मीटिंगवर पगारवाढ ठरणार तिथे "इथे माझं चुकलं" असं कोण बोलेल? अमेरिकन सैन्यात सरावानंतर बसतात तेव्हा चारच प्रश्न असतात, काय ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. तेच घे. आणि तिकिटांची संख्या सोड, एक तिकीट दहा मिनिटांचं असतं, एक दहा दिवसांचं.

उत्तर २: वरच्यांशी सहमत. इस्रोचं उदाहरण बघा ना, १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ या उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं, यान बंगालच्या उपसागरात पडलं. मिशनची जबाबदारी कलामांकडे होती पण पत्रकारांसमोर इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले. तपासात दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतला व्हॉल्व्ह अडकून ॲसिड गळाल्याचं सापडलं. पुढचं उड्डाण १८ जुलै १९८० ला, टीम तीच, आणि रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. "कोणी केलं" विचारत बसले असते तर व्हॉल्व्हपर्यंत पोचले असते का? लीड म्हणून मीटिंगमध्ये आधी स्वतःचं बोल, मग बाकीचे मोकळे होतात.

प्रश्नकर्ता: खूप आभार. मॅनेजरशी बोललो, रेटिंगला आठवडा वाढवून मिळाला. काल मीटिंग झाली, सुरुवात मीच केली. जुने मेल काढले तर दिसलं की सुरुवातीला टेस्टिंगसाठी मी फक्त चालू बचत खात्यांचा डेटा मागितला होता, मुदतपूर्व मोडलेल्या ठेवी त्यात नव्हत्याच, आणि सगळा घोळ तिथलाच. तिने दुसऱ्याच आठवड्यात विचारलं होतं, मीच "नंतर बघू" म्हणालो होतो. तो मेल तिच्या रेटिंगसोबत जोडून पाठवतोय.